गेनबा, तुझ्या हाळीचं काय करू?

“काढ! आधी काढ ते! न्हाईतर मोबाईल धरणात, आन् तू त्येच्या मागं!”

गेनबा, तू वरच्या बांधावरून ओरडत होतास आणि मी खाली रस्त्यावर टेम्पोत दुधाचे कॅन चढवत होतो. मधे भाताची इतकी खाचरं, एक ओढा आणि करवंदीच्या जाळ्या, तरी माझ्या हातातला कॅन शहारला. हिर्डोशीच्या थांब्यावरच्या एसटीचा ड्रायव्हर आपल्यालाच कुणीतरी शिव्या घालतंय असं समजून खाली उतरला आणि चाकांची हवा बघायला लागला. त्या दिवशी भोरला पोचेपर्यंत निम्म्या दुधाचं दही झालं होतं, हे मी डेअरीत सांगितलं तर कुणी विश्वास ठेवला नाही. विश्वास ठेवण्याची लोकांची ताकदच कमी झाली आहे.

तू जाऊन थोडे दिवस झाले. दहावं परवा उरकलं. लोक म्हणतात, दत्तोबा, तुला लिहायची हौस आहे, गेनबावर चार ओळी लिही. जन्म, शिक्षण, सामाजिक कार्य. तुझा जन्म कधीचा ते तुलाच माहीत नव्हतं. शिक्षण शाळेच्या खिडकीबाहेर उभं राहून झालं, कारण म्हशी नजरेआड करायच्या नव्हत्या. सामाजिक कार्य म्हणावं तर म्हशीच. तेव्हा हे सगळं बाजूला ठेवतो आणि तुझ्याशीच बोलतो. नाहीतरी आपलं भांडण अर्धंच राहिलंय, आणि आता तू मधे बोलू शकत नाहीस म्हटल्यावर अशी संधी मला परत मिळायची नाही.

भांडण हाळीवरून. पण वाचणारी माणसं पुण्यामुंबईचीही असतील, त्यांना आधी हाळी सांगायला पाहिजे.

आपल्या डोंगरात म्हशी सकाळी वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाटीवर सोडतात आणि संध्याकाळी हाळी देऊन खाली बोलावतात. प्रत्येक गुराख्याची हाळी वेगळी. दुसऱ्याची हाळी चेष्टेतसुद्धा मारायची नाही. ते दुसऱ्याच्या घरात न विचारता शिरण्यासारखं. म्हैस विकली तर विकणारा नुसतं दावं हातात देऊन परत येत नाही. तो घेणाऱ्याच्या गोठ्यावर मुक्काम करतो, नवा मालक आणि तो जोडीनं हाळी देतात, आणि म्हैस नव्या आवाजाला वळली की जुना मालक गुपचूप निघून येतो. आपल्यात ‘म्हैस विकली’ म्हणतच नाहीत. ‘हाळी मोडून दिली’ म्हणतात.

आणि तुझी हाळी! पोटातून निघायची, छातीत एक हेलकावा घ्यायची आणि शेवटी अशी वर जायची की घिरट्या घालणारी घार बाजूला सरकून वाट द्यायची. वरंध घाटात कोकणातून येणाऱ्या गाड्या तुझा आवाज ऐकून हॉर्न द्यायच्या. समोरून ट्रक येतोय असं वाटायचं त्यांना.

अशी चीज डोंगरात वाया जाते हे मला बघवेना. नवा मोबाईल घेतला होता, म्हटलं पहिला मान तुला. तू बांधावर उभा, पाठमोरा, डोक्यावर घोंगडीची खोळ, एक हात कानाला. हाळी दिलीस. सड्याच्या कडेला आधी शिंगं दिसली, मग पुढं चालणाऱ्या चांदी म्हशीच्या कपाळावरचा पांढरा टिळा, मग तिच्यामागे सगळा कळप ओळीनं उतरला. मी ते टिपलं, खिंडीतल्या कातळावर चढलो, कारण रेंज तेवढ्या एका कातळावरच, आणि नेटवर टाकलं. वर मजकूर लिहिला: ‘या माणसाच्या हाळीनं धरणाच्या पाण्यावर लाटा येतात.’

आठवड्याभरात ते कुठल्या कुठं गेलं. मी कातळावर चढायचो, कोण काय लिहितंय ते वाचायचो आणि संध्याकाळी तुझ्या गोठ्यात येऊन सांगायचो. तू धार काढत बसायचास, तोंड वळवायचा नाहीस, पण चरवीतला आवाज मंद व्हायचा. म्हणजे कान इकडे.

एकानं लिहिलं होतं, “मागून तिसरी म्हैस डावा कान पाडून चालते. कानात बघा.” तू म्हणालास, “कुठला ह्यो?” मी म्हटलं वऱ्हाडातला आहे कुणीतरी. “वऱ्हाडात बसून माज्या म्हशीच्या कानात बघतोय व्हय?” असं पुटपुटत उठलास आणि बॅटरी मारून बघितलंस. कानात करंगळीएवढी गोचीड. कोंबडीएवढी होती असं मी पुढे चार ठिकाणी सांगितलं, पण ते असू दे. तू कितीतरी वेळ त्या म्हशीच्या मानेवर हात ठेवून उभा होतास. मग म्हणालास, “त्याला म्हनावं, देव तुजं भलं करो.” मी लिहिलं. त्यानं हात जोडलेलं चित्र पाठवलं. ते तुला दाखवायला मी तुला कातळावर चढवलं, तर तू मोबाईललाच उलट नमस्कार केलास.

आणि रायगडाकडच्या एका बाईनं लिहिलं होतं: “माझे वडील अशीच हाळी द्यायचे. परत लावली, परत लावली. आज चूल उशिरा पेटली.” हे तू मला किती वेळा वाचायला लावलंस, गेनबा! पाठ झालं होतं तुला. तरी म्हणायचास, “दत्त्या, त्या बाईचं वाच.”

पण तिथं असलेच लोक येतात असं नाही. एकानं लिहिलं, ही हाळी नसून प्राचीन मंत्र आहे. दुसऱ्यानं त्याला आईवरून शिवी दिली. तिसऱ्यानं लिहिलं की या म्हशींचं दूध प्यायलं की गुडघेदुखी जाते. हे मी लिहिलं नव्हतं, देवाशपथ. मी लिहिलं असतं तर गुडघ्यावर थांबलो असतो का? टकलावर केस उगवून त्यांची वेणी घातली असती. पण लोक आले. पानशेतला जेवायला म्हणून निघालेल्या गाड्या अख्खा डोंगर वळसा घालून तुझ्या गोठ्याशी, हातात किटली. एक मुलगा आपल्या आईला पाठुंगळी घेऊन आला. म्हातारीच्या डॉक्टरच्या गोळ्या त्यानं बंद केल्या होत्या. तू तिला पेलाभर दूध दिलंस, पैसे घेतले नाहीस, म्हणालास, “आज्जे, दूध पी, पन गोळीबी घे.” आणि माझ्याकडे वळून, “दत्त्या, टेम्पो काढ. हिला भोरला डाक्टरकडं पोचीव.”

परत आलो तेव्हा तू वाट बघत बसला होतास. म्हणालास, “तू हितं पारावर थापा मारतोस. आमी तुला वळखतो. ऐकताना निम्मं वजा करतो आन् मगच घरी नेतो. तितं तुमाला कोन वळखतं? वजा कोन करनार?”

मी हसण्यावारी नेलं. पण गेनबा, इतकं नेमकं मला या विषयावर कुणी सांगितलं नव्हतं. सबंध जन्म थापा मारून मला एवढं कळलं नव्हतं की थापेला तोंड लागतं. माणसाचं तोंड दिसलं की ऐकणारा थाप पचवतो. तोंडाशिवायची थाप पोटात जाऊन बसते. हे तुला मी कबूल करणार नव्हतोच, तू परत परत सुनावलं असतंस. आता करतो.

मग आली ती वरात.

विंझरकडच्या एका डीजेवाल्यानं तुझी हाळी उचलली, तिच्याखाली धडाधडा ढोल घातले, मधे मधे स्वतःचं नाव ओरडलं आणि गाणं केलं. गाणं काय चाललं! भोर-वेल्ह्यात एक हळद त्याच्याविना लागेना. आपल्याला पत्ताच नाही. आणि हिर्डोशीत लग्न लागलं. नवरा विंझरचा, डीजेही विंझरचा. चार भिंती एकावर एक रचाव्यात तसे स्पीकर. उन्हं कलली, वरात मारुतीच्या देवळाशी आली आणि त्यानं ते गाणं लावलं.

तुझा आवाज, गेनबा, पण शंभर गेनबांचा! समोरच्या कड्यावरची माती घसरली. आणि सड्याच्या कडेला शिंगं दिसली.

मी तिथंच होतो, लाडू खात. आधी वाटलं ढोलांचाच आवाज वाढलाय. मग करवली किंचाळली. चांदी सगळ्यांच्या पुढं, टिळा झळकवत, आणि मागं सगळा कळप, ओढ्यातला चिखल अंगावर घेऊन थेट वरातीत. नवऱ्याचा घोडा नवऱ्यासकट महाडच्या दिशेनं गेला. तो नवरा अजून कोकणातच आहे असं मी सांगतो, पण तो त्याच संध्याकाळी परत आला. पाठीवर जरीचा फेटा अडकलेली म्हैस मांडवात शिरली. तिला बघून एका नजर कमी झालेल्या आत्याबाईंनी “या विहीणबाई” म्हणून पाट मांडला. आहेराच्या टेबलाजवळची फुलं गेली, हार गेले, जिलेबीचा पाक एकीनं बसल्या बसल्या संपवला. चांदी मात्र सरळ स्पीकरपाशी गेली आणि तिथं उभी राहिली. इकडून हुंगलं, तिकडून हुंगलं. तू कुठं आहेस ते शोधत होती.

आणि तू धावत आलास. अनवाणी, धापा टाकत. लोकांच्या मधे उभा राहून हाळी दिलीस. एकदा. दोनदा. एकाही म्हशीनं मान वळवली नाही. स्पीकरमधला गेनबा तुझ्यापेक्षा मोठा होता.

माणसं पोट धरून हसत होती. मीही हसत होतो, मग तुझा चेहरा बघितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू बांधावरून ओरडलास, तेच वर लिहिलंय. मी आलो. तू म्हणालास, “हाळी म्हंजी किल्ली असती, दत्त्या. तू माज्या गोठ्याची किल्ली रस्त्यात टांगलीस.” मी म्हटलं, “अरे पण गोचीड? ती बाई?” तू म्हणालास, “गोचीडीचं उपकार हाईत. पन आवाज माजा, म्हशी माज्या, आन् नाचनारा तिसराच?” मी म्हटलं, जे चार लोकांत सोडलं ते चार लोकांचं. तू म्हणालास, “मग तुजा टेम्पो रस्त्यात सोडतोस का?” याला मी उत्तर शोधतोय. अजून शोधतोय.

शेवटी कातळावर जाऊन तुझ्यासमोर मी ते काढून टाकलं. मोबाईलमधूनही पुसलं. तू नीट वाकून बघितलंस. मग डोंगर उतरताना मधेच थांबलास.

“त्या बाईचं लिवलेलंबी गेलं?”

“गेलं. सगळं जातं एकदम.”

तू खाली येईपर्यंत करवंदाचं एक पान चावत राहिलास.

डीजेवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, “काका, आता ते माझं गाणं आहे.” म्हणजे तुझं होतं ते गेलं आणि त्याचं झालं ते राहिलं. मग तू नवी हाळी बसवायला घेतलीस. काय दिवस होते ते! तू सकाळ-संध्याकाळ बांधावर उभा राहून नवनवे आवाज काढायचास. शेजारच्या वाडीतली माणसं एकदा औषध घेऊन आली, त्यांना वाटलं तुझ्या घशात काटा अडकलाय. कोंबडे अवेळी आरवायला लागले. आणि चांदी सड्याच्या कडेला येऊन तुझ्याकडे असं बघायची, जसं परगावचा माणूस ओळखीचं हसू करून गोठ्यात शिरतोय. शेवटी तू हात टेकलेस. जुनीच हाळी परत सुरू केलीस आणि माझ्याकडून लग्नाच्या तिथ्या विचारून घेऊ लागलास. मुहूर्त बघून म्हशी बांधून ठेवणारा माणूस त्रिखंडात तू एकटाच असशील. पंचांगात कुणी तुझ्याइतकं डोकं घातलं नसेल, तेही दुसऱ्यांच्या लग्नासाठी.

आणि मग तू गेलास. उन्हं उतरताना गोठ्याच्या दारात टेकलास, म्हशी नुकत्याच आत आल्या होत्या, आणि उठला नाहीस. हौसावहिनी म्हणतात, काही बोललाही नाहीस. तुझ्यासारख्या गळ्याच्या माणसानं इतकं हळू जावं, हे मला अजून पटत नाही.

दुसऱ्या दिवशी अंगणात माणसं मावेनात. गोठ्यात गडबड नको म्हणून कुणीतरी म्हशी सोडल्या. त्या सवयीनं वर गेल्या. तुला पोचवून आम्ही परत आलो, आंघोळी केल्या, सावल्या लांब झाल्या, आणि मग रेडकांनी रेकायला सुरुवात केली. तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. हाळी द्यायला माणूस नाही.

इतर वेळी म्हटलं असतं, येतील आपोआप. पण बिबट्या त्या सड्यावर फिरत होता, आदल्याच आठवड्यात एक शेळी नेली होती. आणि चांदी गाभण, दिवस भरलेले. हौसावहिनी सकाळपासून रडल्या नव्हत्या. ओट्यावर बसून नुसत्या वर बघत होत्या. म्हणाल्या, “चांदी वर व्याली तर रेडकू ऱ्हात न्हाई.” बस, एवढंच. पण मी तुला चाळीस वर्षं ओळखतो आणि वहिनींना त्याहून थोडं कमी. त्या घरात तुझं म्हणून जे काही चालतं-बोलतं उरलं होतं ते सगळं वर उभं होतं.

तुझ्या मेहुण्यानं हाळी दिली. खोकला आला. मी दिली, तुझीच, हेलकाव्यासकट. चांदी कडेला आली, मला बघितलं, आणि शेपूट माझ्याकडे करून बसली. लोक म्हणाले, मोबाईलवर लाव की! मी म्हटलं, पुसलंय. त्याच्यासमोर पुसलंय.

मग मला आठवलं, टेम्पोत पेनड्राईव्ह आहे. त्यात ते विंझरवाल्याचं गाणं आहे. माझ्या टेम्पोत ते का होतं, हे तू आता विचारू नकोस.

“सुतकात डीजे?” तुझ्या चुलतीनं कपाळावर हात मारून घेतला. “मेल्या, त्याची राख अजून निवली न्हाई!” कुणी म्हणालं, लोक काय म्हणतील. कुणी म्हणालं, कुणीतरी याचंही शूटिंग करून टाकील. सगळ्यांनी वहिनींकडे बघितलं.

“लावा,” वहिनी म्हणाल्या.

मी टेम्पो वळणावर घेतला, तोंड सड्याकडे, दोन्ही दारं उघडी, आवाज शेवटपर्यंत. आधी ढोल. मग तो विंझरवाला आपलं नाव तीनदा ओरडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अंगणात पांढऱ्या टोप्या, कोपऱ्यात बायका पदर तोंडाला लावून, आणि मधे हे ढिंच्याक. आणि मग तू आलास.

गेनबा, तुझा आवाज कड्यावर जाऊन आपटला आणि परत आला. हेलकावा तोच. शेवटचं ते वर जाणंही तेच. ज्या माणसाला दुपारी आम्ही पोचवून आलो तो वळणावर उभा राहून म्हशी बोलावत होता, आणि खाली ढोल वाजत होते. चुलतीचा हात कपाळावरच राहिला. तुझा मेहुणा इतका वेळ दगडासारखा होता, तो खाली बसला आणि हमसून हमसून रडायला लागला. मी सांगतो त्यातलं निम्मं वजा करायची मुभा आहे, पण इथलं करू नकोस. इथलं सगळं खरं आहे.

सड्याच्या कडेला शिंगं दिसली. मग टिळा. चांदी जड पोटानं, पण थांबत नव्हती. बाकीच्या तिच्यामागे ओळीनं. टेम्पोपाशी येऊन तिनं स्पीकर हुंगला. मग टेम्पोला वळसा घालून मागं गेली आणि तिथं कुणी आहे का बघितलं. कुणी नव्हतं. थोडा वेळ उभी राहिली आणि आपणहून गोठ्यात शिरली.

मी गाणं बंद केलं आणि गोठ्याच्या दाराशी गेलो. नाक वाहत होतं, पण भाषण केल्याशिवाय मला राहवत नाही हे तुला माहीतच आहे. म्हटलं, वहिनी, बघितलंत? तो म्हणायचा किल्ली रस्त्यात टांगलीस. टांगली नसती तर आज दार कुणी उघडलं असतं? त्या डीजेवाल्याला आम्ही इतक्या शिव्या दिल्या, पण गेनबाचा आवाज शेवटी कुणी ठेवला? आमच्यापाशी काय उरलं होतं? असं बरंच काही, हुंदके देत देत, हातवारे करत.

वहिनींनी चांदीचं दावं खुंट्याला गुंडाळलं, गाठ ओढून बघितली.

“उद्या जरा बारीक लावा, भावजी,” त्या म्हणाल्या. “सुतक हाय.”